विषय कोणी निवडावा? : पदव्युत्तर मराठीच्या सेमिनारसंबंधी एक विचार

पदव्युत्तर मराठीच्या वर्गात सेमिनार हा मूल्यमापनाचा रूढ भाग झाला आहे. विद्यार्थ्याने एक विषय घ्यावा, त्यावर वाचन करावे, वर्गासमोर पंधरा-वीस मिनिटे मांडणी करावी, प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि लिखित प्रत विभागाकडे सोपवावी, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. या साऱ्या अभ्यासाचा आरंभ ज्या बिंदूपाशी होतो त्या विषयनिवडीकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. पुष्कळ ठिकाणी अभ्यासक्रमातील घटकांची यादी समोर ठेवून हजेरीपटाच्या क्रमाने विषय वाटले जातात. एकाच्या वाट्याला मर्ढेकरांच्या कवितेतील प्रतिमा येतात, दुसऱ्याच्या वाट्याला ग्रामीण साहित्याची संकल्पना, तिसऱ्याच्या वाट्याला महानुभावांचे गद्य. ज्याला जे मिळाले ते त्याने करावयाचे. मग ग्रंथालयातील एक-दोन समीक्षाग्रंथ, एखादे गाईड आणि मागील वर्षीच्या विद्यार्थ्याची झेरॉक्स प्रत यांतून पंधरा पाने तयार होतात, वाचली जातात आणि गुण मिळतात. साहित्याच्या अभ्यासात विद्यार्थ्याने स्वतःचे असे काय केले, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

सेमिनारचा विषय निवडण्याचा अधिकार विद्यार्थ्याकडे असावा, आणि निवड कशी करावी हे शिकविण्याची जबाबदारी शिक्षकाने घ्यावी, अशी भूमिका येथे मांडावयाची आहे. अधिकार द्यावयाचा आणि जबाबदारी टाळावयाची, ही गोष्ट विषय वाटून देण्याइतकीच निष्फळ ठरेल, हेही आरंभीच स्पष्ट केले पाहिजे.

‘सेमिनार’ या शब्दाच्या मुळाशी रोपवाटिका असा अर्थ असलेला लॅटिन शब्द आहे. एकोणिसाव्या शतकातील जर्मन विद्यापीठांत भाषाशास्त्र आणि इतिहास यांच्या अध्यापनात ही पद्धत रुजली. विद्यार्थ्याने मूळ साधने स्वतः तपासावीत आणि हाती आलेले निष्कर्ष गुरू व सहाध्यायी यांच्यासमोर परीक्षेसाठी ठेवावेत, हा तिचा गाभा होता. व्याख्यानात शिक्षक सांगतो आणि विद्यार्थी ऐकतो. सेमिनारमध्ये विद्यार्थी सांगतो आणि ते टिकते की नाही हे सगळे मिळून पाहतात. आपल्याकडे या पद्धतीचे नाव आले, गुणांची विभागणी आली. परंतु शोध घेणाऱ्याला स्वतःचा प्रश्न असला पाहिजे, ही तिची पूर्वअट मागेच राहिली.

ती मागे का राहिली, याची काही कारणे मराठवाड्याच्या शैक्षणिक इतिहासात सापडतात. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. निजामी राजवटीतील मराठी मुलाला उच्च शिक्षण स्वभाषेतून घेण्याची सोय नव्हती. मराठी हा त्याच्यासाठी फार तर एक विषय होता. १९४८ च्या हैदराबाद मुक्तीनंतरही एका दशकाने, १९५८ साली, औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड आणि लातूर येथील महाविद्यालये पुढील साडेतीन दशके त्या विद्यापीठाशी जोडलेली होती. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले तेव्हा या भागाला स्वतःचे अभ्यासमंडळ मिळाले. म्हणजे अभ्यासाचे विषय दुसरीकडे कोठेतरी ठरतात आणि आपण ते शिकावयाचे असतात, ही सवय येथे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. हैदराबाद, औरंगाबाद, पुणे आणि मुंबई या केंद्रांनी जे महत्त्वाचे ठरविले ते महत्त्वाचे, अशी ही मानसिकता आहे. स्वतंत्र विद्यापीठ झाल्याने ती आपोआप जात नाही. अभ्यासक्रमाचे केंद्र नांदेडला आले, तसे प्रश्नाचे केंद्र विद्यार्थ्यापर्यंत यावयास हवे होते.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. दहावी-बारावीच्या परीक्षांसाठी ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्रभर गाजला. प्रश्नपत्रिकांचा भरपूर सराव, वारंवार चाचण्या, उत्तरांची बारकाईने तपासणी आणि शिक्षकांचे अथक परिश्रम यांवर तो उभा होता. ग्रामीण भागातील हजारो मुलांना वैद्यक आणि अभियांत्रिकीची दारे त्याने उघडून दिली, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु जेथे प्रश्न आधीच ठरलेले असतात आणि उत्तरे निश्चित असतात, अशा परीक्षेसाठी घडविलेली ही पद्धत आहे. तिचे संस्कार घेऊन आलेला विद्यार्थी एम.ए.च्या वर्गात ‘सर, विषय तुम्हीच द्या’ असे म्हणतो, तेव्हा तो आळशी असतो असे नव्हे. चांगला विद्यार्थी दिलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो, हेच त्याला आजवर शिकविले गेले आहे. प्रश्न तयार करणे हाही अभ्यासाचा भाग आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

याच लातूरने दुसरे उदाहरणही दिले आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य आणि पुढे नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले डॉ. जनार्दन वाघमारे हे इंग्रजीचे प्राध्यापक. इंग्रजीच्या अध्यापकाने ब्रिटिश साहित्याच्या परिचित वाटेने जावे, अशी त्या काळी सर्वसाधारण अपेक्षा असे. वाघमारे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य अभ्यासासाठी निवडले आणि ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. दलित साहित्याची चर्चा ऐन भरात असताना त्या अभ्यासाने तिला तुलनेचे एक नवे परिमाण दिले. हा विषय त्यांना कोणत्याही यादीने दिला नव्हता. भोवतीच्या समाजातील एक प्रश्न मनात घेऊन ते दूरच्या साहित्याकडे गेले आणि तेथून परत भोवतालाकडे आले. निवडीचे सामर्थ्य यात दिसते.

नांदेडच्या नरहर कुरुंदकर यांचे उदाहरण याहून बोलके आहे. इंटरच्या परीक्षेत त्यांना वारंवार अपयश आले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्याच काळात आणि पुढेही त्यांचे वाचन अभ्यासक्रमाची कोणतीही कुंपणे न मानता चालू होते. नाट्यशास्त्र, संगीत, मनुस्मृती, इतिहास, मराठी कादंबरी हे सारे त्यांच्या जिज्ञासेचे विषय झाले. ‘धार आणि काठ’ हा त्यांचा कादंबरीविषयक ग्रंथ आजही पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या संदर्भात असतो. परीक्षेत नापास होणे हे प्रज्ञेचे लक्षण आहे असा विपरीत अर्थ यातून कोणी काढू नये. परीक्षापद्धती ज्या प्रश्नांना जागा देत नाही, त्या प्रश्नांतूनही मोठा अभ्यासक घडू शकतो, एवढाच याचा अर्थ. मूल्यमापनात अशा प्रश्नांसाठी एखादी तरी खिडकी असावी, आणि ती खिडकी सेमिनार हीच होऊ शकते.

विद्यार्थ्याला निवड करू दिली तर त्याला विषय सापडतील कोठे, अशी शंका घेतली जाते. नांदेड आणि लातूर या परिसरात ती टिकणारी नाही. माहूर हे महानुभाव परंपरेत महत्त्वाचे स्थान आहे. लीळाचरित्र वाचणाऱ्या विद्यार्थ्याने ‘स्थानपोथी’ हाती घेऊन या प्रदेशातील स्थळांची वर्णने आणि आजचा भूगोल यांची सांगड घालण्याचा प्रयत्न करावा, हा एका सेमिनारला पुरून उरणारा विषय आहे. लातूरपासून जवळ असलेल्या अंबाजोगाईला दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी आहे. ग्रंथ कागदावर नसून कापडावर असेल तर त्याच्या मांडणीवर, वाचनावर आणि जतनावर कोणता परिणाम होतो, असा प्रश्न एखाद्याला पडू शकतो. लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत खंडोबाची उपासना, जनावरांचा बाजार आणि तमाशाचे फड एकत्र येतात. लातूर भागातील वेळ अमावास्या ही शेतातली पूजा सीमेपलीकडे कर्नाटकातही साजरी होते. तिच्याशी निगडित शब्दांचा व म्हणींचा संग्रह करणे हे भाषाभ्यासाचेच काम आहे.

भाषेच्या दृष्टीने तर हा प्रदेश फारच समृद्ध आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात गोंडी आणि कोलामी, तांड्यांवर गोरमाटी, शहरांत उर्दू आणि दखनी, असे भाषांचे शेजार येथे आहेत. ज्याच्या घरात आजी एका भाषेत बोलते, आई दुसऱ्या भाषेत उत्तर देते आणि तो स्वतः प्रमाण मराठीत उत्तरपत्रिका लिहितो, तो विद्यार्थी भाषाविज्ञानाच्या वर्गात ‘बोलीची लक्षणे’ या ठरीव शीर्षकाखाली दुसऱ्याच जिल्ह्याच्या बोलीची उदाहरणे पाठ करीत असतो. ही केवढी मोठी विसंगती आहे! निवड त्याच्याकडे असती तर आपल्या घरातील नातेवाचक शब्दांपासून त्याने आरंभ केला असता.

अर्वाचीन साहित्यातही अशीच विपुलता आहे. लातूर जिल्ह्यातील लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नांदेडचे दत्ता भगत यांचे ‘वाटा-पळवाटा’ हे नाटक आंबेडकरी चळवळीतील भूमिकांचा संघर्ष रंगभूमीवर आणते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त केली. त्या आपत्तीच्या आठवणी, गीते, कथा आणि वृत्तपत्रीय लेखन यांचा शोध घेणारा विद्यार्थी साधनांच्या बाबतीत पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक अनुकूल ठिकाणी उभा आहे. ‘प्रतिष्ठान’ आणि ‘अस्मितादर्श’ यांचे जुने अंक चाळले तरी अनेक अर्धवट राहिलेल्या चर्चा हाती लागतील.

याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांचा विचार केला पाहिजे, कारण त्यांतील काही अनुभवातून आलेले आहेत. पहिला आक्षेप समान मूल्यमापनाचा. एकाने सोपा विषय घेतला आणि दुसऱ्याने अवघड, तर दोघांना एकाच मापाने कसे मोजावयाचे? हा आक्षेप विषय वाटून दिल्यानेही दूर होत नाही. एका विद्यार्थ्याला विपुल समीक्षा उपलब्ध असलेला कवी मिळतो आणि दुसऱ्याला ज्याच्यावर दोन लेखही सापडत नाहीत असा लेखक मिळतो, तेव्हा विषमता असतेच. फक्त ती चिठ्ठीने आलेली असल्यामुळे न्याय्य वाटते. विषय वेगळे असले तरी कसोट्या समान ठेवता येतात. प्रश्न नेमका आहे काय, मूळ संहिता वाचली आहे काय, विधानाला आधार दिला आहे काय, विरोधी पुराव्याची दखल घेतली आहे काय, या चार गोष्टी लीळाचरित्रावरील मांडणीला जशा लागू पडतात तशाच जात्यावरच्या ओव्यांवरील मांडणीलाही.

दुसरा आक्षेप असा की, मोकळीक दिली तर विद्यार्थी सर्वांत सोपा विषय उचलतील. हे बऱ्याच अंशी खरे आहे. ‘अमुक कादंबरीतील ग्रामीण जीवन’, ‘तमुक कवितेतील सामाजिक जाणीव’ अशा शीर्षकांचा पाऊस पडतो. मात्र हे साचे विद्यार्थ्यांनी निर्माण केलेले नाहीत. विभागांच्या याद्यांत, पीएच.डी.च्या शीर्षकांत आणि चर्चासत्रांच्या निमंत्रणपत्रिकांत ते त्यांनी पाहिलेले असतात. विद्यार्थ्याने असे शीर्षक आणले तर ते नाकारू नये. त्याच्याकडून ते घासून घ्यावे. ‘उचल्यामधील समाजजीवन’ हा विषय घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला विचारावे : या आत्मकथनातील कोणता प्रसंग तुझ्या मनात राहिला? तो शाळेविषयीचा असेल, तर शाळा आली की निवेदकाची भाषा बदलते काय? पोलिसांशी बोलताना ती कशी असते? आपल्या माणसांशी बोलताना कशी? दोन भेटींत मूळचा मोघम विषय ‘उचल्यामधील निवेदनाची भाषा आणि सत्तेची स्थाने’ असा आकार घेतो. विद्यार्थी तोच, पुस्तक तेच. पण आता गाईडमध्ये उत्तर सापडत नाही, पुस्तकच पुन्हा उघडावे लागते.

तिसरा आक्षेप नक्कलेचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याला प्रतिबंध करणारे विनियम केले. तरीही आज आंतरजालावरील तयार मजकूर आणि यंत्राने लिहून दिलेली पाने यांमुळे लिखित प्रतीवरून विद्यार्थ्याचे श्रम ओळखणे कठीण झाले आहे. पण नक्कल सर्वांत सहज होते ती सर्वपरिचित, वाटून दिलेल्या विषयांचीच. आपल्या गावातील दोन वृद्ध स्त्रियांकडून ओव्या लिहून घेतलेल्या विद्यार्थिनीला वर्गात विचारता येते की, ही ओवी कोणत्या कामाच्या वेळी म्हटली गेली, दुसऱ्या बाईंनी यात कोणता शब्द बदलला. या प्रश्नांची उत्तरे जिने काम केले तिलाच देता येतात. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्या भांडाराशी आपल्या गावची ओवी ताडून पाहणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे. स्वतः निवडलेला, स्थानिक साधनांवर उभा असलेला विषय हा नक्कलेवरील एक चांगला बंदोबस्त आहे.

चौथा आक्षेप सहसा उघडपणे बोलला जात नाही. विद्यार्थी जो विषय निवडील त्यात शिक्षकाची गती नसली तर? गोरमाटी गीतांविषयी मांडणी करणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकापेक्षा अधिक माहिती असणार, हे उघड आहे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. माहिती विद्यार्थ्याने आणावी आणि तिची छाननी कशी करावी हे शिक्षकाने दाखवावे, अशी ही श्रमविभागणी आहे. संशोधनाचे मार्गदर्शन याहून वेगळे काही नसते.

यानंतर एका सूक्ष्म धोक्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. निवडीच्या नावाखाली विद्यार्थ्याला त्याच्या जातीची, गावाची किंवा लिंगाची चौकट दिली जाण्याचा हा धोका आहे. तांड्यावरून आलेल्या विद्यार्थ्याने बंजारा साहित्यावरच बोलावे, दलित विद्यार्थ्याने आत्मकथनच घ्यावे, विद्यार्थिनीने स्त्रीवादी कवितेकडेच वळावे, असे कोणी आदेश देत नाही. सुचविले मात्र जाते. सुचविणाऱ्याचा हेतू पुष्कळदा चांगलाच असतो. परंतु त्यामुळे उरलेले सारे साहित्य, ज्ञानेश्वरी, मर्ढेकर, नाट्यशास्त्र, सौंदर्यविचार, हे जणू दुसऱ्या कोणाच्या मालकीचे ठरते. कुरुंदकरांनी मनुस्मृती वाचली, वाघमाऱ्यांनी अमेरिकन साहित्य वाचले; त्यांना कोणी ‘हा तुमचा अनुभव आहे काय’ असे विचारले नाही. किनवटच्या कोलाम विद्यार्थ्याला मर्ढेकरांच्या छंदोरचनेवर बोलावेसे वाटले तर ती त्याची निवड आहे, आणि लातूरच्या व्यापारी कुटुंबातील मुलीला पोतराजाच्या गाण्यांचा अभ्यास करावासा वाटला तर ती तिची. स्थानिक साधनांचा वर केलेला पुरस्कार हा शक्यतांचा निर्देश आहे. त्याची सक्ती होऊ लागली तर यादीची जागा जन्माने घेतली, एवढाच बदल होईल.

प्रत्यक्ष व्यवहारात काय करता येईल? सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याने एका पानाचे टिपण द्यावे. त्यात विषयाचे शीर्षक नको, प्रश्न हवा. तो प्रश्न कोणत्या वाचनातून किंवा निरीक्षणातून सुचला हे सांगावे आणि हाताशी असलेली दोन-तीन साधने नमूद करावीत. शिक्षकाने त्यावर दहा मिनिटे चर्चा करून प्रश्न आटोपशीर करावा. ज्या महाविद्यालयाचे ग्रंथालय तोकडे आहे तेथे साधने मिळण्यासारखी आहेत की नाहीत हे याच टप्प्यावर पाहावे, म्हणजे एस.टी.ने रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याची ऐनवेळी अडचण होणार नाही. ज्याला खरोखरच प्रश्न सुचत नाही त्याच्यासाठी विभागाने विषयांची एक यादी ठेवण्यास हरकत नाही. मात्र ती शेवटचा आधार असावी, पहिले पाऊल नव्हे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विषयमांडणीच्या या टिपणाला स्वतंत्र गुण असावेत. पंचवीस गुणांचा सेमिनार असेल तर त्यांतील पाच प्रश्नाच्या घडणीला आणि पाच चर्चेतील उत्तरांना द्यावेत. ज्या गोष्टीला गुण नाहीत ती गोष्ट आपल्या व्यवस्थेत शिकविली जात नाही, हे कटू असले तरी वास्तव आहे.

यात शिक्षकाचा वेळ जातो, हे खरे. रिक्त पदे आणि तासिका तत्त्वावरील अध्यापक यांच्या भरवशावर चालणाऱ्या विभागात तीस विद्यार्थ्यांशी स्वतंत्र चर्चा करणे सोपे नाही. परंतु तीस ठरीव निबंध ऐकण्यात जाणारा वेळही वेळच असतो. चार-पाच विद्यार्थ्यांचे गट करून त्यांनी एकमेकांची टिपणे आधी वाचावीत असे केल्यास शिक्षकाचा भार हलका होतो आणि वर्गाला परस्परांच्या विषयांत रस निर्माण होतो.

हा प्रश्न काही गुणांपुरता मर्यादित नाही. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमांची पुनर्रचना झाली असून संशोधन प्रकल्पाला त्यात स्थान मिळाले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. म्हणजे संशोधनाची अपेक्षा वाढली आहे आणि भाषेचा गौरवही झाला आहे. मात्र ज्या विद्यार्थ्याने दोन वर्षांत एकही प्रश्न स्वतः तयार केलेला नाही, त्याच्याकडून प्रकल्पात एकदम स्वतंत्र दृष्टीची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. तो मार्गदर्शकाकडे जाऊन पुन्हा ‘सर, विषय द्या’ असेच म्हणणार, पुढे पीएच.डी.ला तेच म्हणणार. आणि उद्या स्वतः अध्यापक झाल्यावर हजेरीपटाच्या क्रमाने विषय वाटणार. हे वर्तुळ कोठे तरी तोडावयाचे असेल तर ते एम.ए.च्या पहिल्या सत्रातील पहिल्या सेमिनारपाशी तोडणे सर्वांत सोपे आणि सर्वांत कमी खर्चाचे आहे. त्यासाठी नव्या निधीची किंवा नव्या पदांच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही. अभ्यासमंडळाने अंतर्गत मूल्यमापनाच्या नियमांत ‘विषय विद्यार्थ्याने निवडावा व विषयमांडणीस स्वतंत्र गुण असावेत’ एवढे एक वाक्य घातले, आणि विभागांनी ते मनावर घेतले, तर कामाला आरंभ होऊ शकतो.